हॉक्सनचं शेत

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनातून सुटलेली गाडी दीडेक तासात डिसला पोचते. तिथून वेव्हनी नदी ओलांडली की सफोक परगणा सुरू होतो आणि थोड्याच अंतरावर हॉक्सन हे गाव लागतं. माझा भाचा इप्सविचला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळतो. स्टेशनवर तो घ्यायला आला तेव्हा डिटेक्टर गाडीच्या डिकीत होता, हातात मात्र नकाशांची गुंडाळी होती.

“मामा, आधी हे बघा. यंत्र नंतर.”

इंग्लंडमध्ये 1836 सालच्या कायद्याने चर्चला धान्यरूपात द्यायचा दशमांश रोख रकमेत बदलला. त्यासाठी गावोगावची शेतं मोजली गेली आणि प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, नाव, मालक, कूळ अशी नोंद झाली. भाचा हे नकाशे आजच्या उपग्रहचित्राशी ताडून पाहतो. नांगराखाली गेलेली पायवाट, पाडलेलं घर, ओढ्याचा जुना उतार त्याला असा सापडतो. जिथे माणसं थांबली, बसली, देवघेव करत राहिली, तिथेच वस्तू सांडतात. संरक्षित स्मारकांच्या जागा तो आधीच वगळतो, कारण तिथे परवानगीवाचून डिटेक्टर चालवणं 1979च्या कायद्याने गुन्हा आहे. उरलेल्या जागांसाठी मालकाला पत्र जातं.

त्या सकाळी आम्ही अशाच परवानगीच्या शेतात उतरलो. गव्हाची कापणी झालेली, पायाखाली धसकटं. भाचा यंत्राची तबकडी जमिनीलगत ठेवून संथपणे डावी-उजवीकडे फिरवत होता. लोखंडाचा घोगरा आवाज तो सोडून देई. मग एक स्वच्छ, उंच सूर आला. त्याने मातीचं ढेकूळ अलगद उचललं. चार बोटं खोलीवर सपाट पितळी बटण होतं, मागे तारेची कडी शाबूत. मी ते पुसायला गेलो तर त्याने हात धरला. आधी फोनवर जागेची नोंद, मग क्रमांकाची पिशवी, मग खड्डा बुजवून पायाने दाबणं. बटणाची किंमत काहीच नव्हती, तरी यातली एकही पायरी त्याने गाळली नाही.

दुपारी हॉक्सन. गावाबाहेर गोल्डब्रुक नावाचा छोटा पूल आहे. 869 साली डेन लोकांनी मारलेला राजा एडमंड या पुलाखाली लपला होता, असं गाव सांगतं. वरून जाणाऱ्या नवरा-नवरीला त्याच्या टाचेच्या आरीची चमक पाण्यात दिसली आणि त्याचा ठावठिकाणा फुटला. पुढे कितीतरी काळ नवी जोडपी हा पूल टाळत. ही दंतकथाच, पण धातूच्या चमकीने ठिकाण उघडं पडल्याची कथा नेमकी या गावाची असावी, याचं मला नवल वाटलं.

याच गावच्या विटांच्या मातीच्या खाणीत जॉन फ्रिअरला दगडी हत्यारं मिळाली. 1797 साली त्याने लंडनला पत्र लिहिलं. हत्यारं किती खोल होती आणि त्यांच्यावर मातीचे कोणते थर होते, हे त्यात क्रमवार मांडलं. तेवढ्या आधाराने तो म्हणू शकला की ही हत्यारं अतिप्राचीन आहेत. पुढची साठेक वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. आज त्यांचं वय सुमारे चार लाख वर्षं मानतात.

आणि मग 16 नोव्हेंबर 1992. एरिक लॉज हा निवृत्त माळी शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गावानजीकच्या शेतात डिटेक्टर घेऊन गेला. सापडली चांदीची, सोन्याची नाणी आणि चमचे. थोडं वर काढल्यावर तो थांबला आणि त्याने खबर दिली. माझ्या लेखी या साऱ्या कथेतला सर्वांत मोठा क्षण हा थांबण्याचा. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ऐवज मातीच्या गठ्ठ्यांसकट उचलला, म्हणून कळलं की ती ओकची पेटी होती, आत छोट्या पेट्या, त्यांना चांदीची इवलीशी कुलुपं, एकात एक बसवलेली भांडी. नाणी जवळपास 15,000, शेवटची 407-408च्या सुमाराची. चांदीच्या कित्येक नाण्यांच्या कडा कातरलेल्या, पण सम्राटाचा चेहरा जपलेला. ब्रिटिश म्युझियमने ठेवा घेतला, 17.5 लाख पौंडांचं बक्षीस लॉजला मिळालं आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तोही म्युझियमने ठेवला.

जवळच्या थेटफर्डला 1979 साली उलटं घडलं. परवानगी न घेता शोधणाऱ्याने सोन्याच्या 22 अंगठ्या आणि चांदीचे चमचे काढले आणि दडवले. तज्ज्ञांना कळलं तोवर त्या जागेवर इमारत उभी राहिली होती. अंगठ्या आज काचेआड आहेत, पण त्या जमिनीत कशा, कशासोबत ठेवल्या होत्या हे कायमचं गेलं. याची मला चीड येते. आपल्याकडेही गुप्तधनाच्या नादाने गडांवर रात्री खड्डे पाडले जातात, तेव्हा हेच गमावलं जातं. 1878चा कायदा दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायला सांगतो. किती जणांना तो ठाऊक असतो?

लंडनला परतल्यावर म्युझियममध्ये हॉक्सनच्या ठेव्यातली मिरीदाणी पाहिली. वीतभरही नाही, चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांची एक स्त्री. बुडाशी फिरती चकती आहे: एका वळणाला बंद, दुसऱ्याला मिरी भरायला उघडी, तिसऱ्याला बारीक भोकांतून भुरभुरायला. ती मिरी मलबारची. तिथून लाल समुद्रातल्या बेरेनिके बंदरावर, अलेक्झांड्रियाला, आणि पुढे थेट सफोकच्या ताटात. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती ज्यांनी टाऊन हॉल संग्रहालयात पाहिली आहे, त्यांना या व्यापाराचं दुसरं टोक ओळखीचं वाटेल. 408 साली अलारिकने रोमला वेढा घातला आणि तो उठवण्यासाठी सोन्याचांदीबरोबर 3,000 पौंड मिरी मागितली. हॉक्सनची पेटी पुरली गेली ती याच काळात किंवा त्यानंतर.

भाच्याने पुढचं शेत हेरून ठेवलंय. जुन्या नकाशात तिथे दोन वाटा मिळतात. मालकाला पत्र गेलंय, उत्तर यायचंय, तोवर डिटेक्टर घरीच आहे.