डाव बुडाला, पण निर्णय चुकला होता का?



शाळेत 'पत्ते' हा शब्द काढला की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. ती पडणं साहजिक आहे. आपल्या सांगोल्याकडं पत्ते म्हटलं की तीन पत्ती आठवते, पैसे लावून बसलेली माणसं आठवतात, आणि त्यापायी घरात झालेली भांडणंही. पण मे महिन्याच्या सुट्टीत घराघरांत याच पत्त्यांनी तीन-दोन-पाच, मेंढीकोट, बदाम सात रंगतं. तिथं पैशाचा संबंध नसतो. या घरगुती खेळांचा थोरला भाऊ म्हणजे ब्रिज.

हा खेळ आता पारावरचा किंवा क्लबातला राहिलेला नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला. पुरुषांच्या दुहेरीत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते आणि सरकार छप्पन्न वर्षांचे. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. पुढं हांगझोऊच्या स्पर्धेत, 2023 मध्ये, पुरुष संघानं रौप्यपदक आणलं. सामान्यज्ञानाच्या तासाला हे प्रश्न विचारून बघा, मुलं चकित होतात.

राहता राहिला जुगाराचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली रमीबद्दल निकाल देताना ब्रिजचंच उदाहरण घेतलं होतं. पत्ते पिसून वाटले जातात तेवढ्यापुरता नशिबाचा भाग दोन्ही खेळांत आहे, पण हातात आलेल्या पत्त्यांचं काय करायचं हे कौशल्याचं काम आहे, असा त्याचा मथितार्थ. आजच्या लेखाचा विषयही नेमका हाच आहे. वाटप आपल्या हातात नसतं, निर्णय मात्र आपला असतो. आणि त्या निर्णयाची परीक्षा कशी करायची, हे आपण मुलांना फारसं शिकवत नाही.

मेंढीकोटवरून ब्रिजकडं

मेंढीकोट येणाऱ्या मुलाला ब्रिज समजायला वेळ लागत नाही. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले भिडू, बावन्न पत्ते, प्रत्येकी तेरा. ज्या रंगाची उतारी झाली तोच रंग टाकायचा, नसेल तर हुकुमानं मारायचं किंवा दुसरं पान टाकायचं. इथवर सगळं ओळखीचं आहे. फरक दोन आहेत.

पहिला फरक बोलीचा. 'जजमेंट' खेळताना आपण आधी सांगतो की मी इतके हात करीन. ब्रिजमध्ये ते भिडूबरोबर मिळून सांगायचं असतं. बाजार समितीत डाळिंबाच्या सौद्यात बोली चढत जाते तशी ही बोलीही चढत जाते. किलवर सर्वांत खाली, मग चौकट, बदाम, इस्पिक आणि सर्वांत वर बिनहुकूम. 'तीन बिनहुकूम' म्हणजे सहा हात धरलेलेच, त्यावर तीन, एकूण नऊ. पासपासून डबल-रिडबलपर्यंत धरून या बोलीभाषेत अवघे अडतीस उद्गार आहेत. त्यापलीकडं एक शब्द बोलायचा नाही. मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं, खाकरणं, पान आपटून टाकणं चालून जातं. ब्रिजमध्ये ती फसवणूक ठरते. उलट तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ काय, हे समोरच्या जोडीनं विचारलं तर तो सांगावा लागतो.

दुसरा फरक असा की बोली जिंकणाऱ्या जोडीतला एकच जण खेळतो. त्याचा भिडू पहिली उतारी झाल्यावर आपले तेराच्या तेरा पत्ते टेबलावर उघडे मांडतो आणि गप्प बसतो. याला डमी म्हणतात. वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलाला डमी होऊन बसवणं ही एक वेगळीच गंमत असते!

कमी शब्दांत नेमकं बोलणं

हातातल्या पत्त्यांची ताकद मोजायला सोपे गुण आहेत. एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1. एका रंगात दहा, चार रंगांत चाळीस. दोघा भिडूंचे मिळून पंचवीसच्या आसपास गुण झाले तर नऊ हातांची बोली करायला हरकत नाही, असा अनुभवाचा ठोकताळा आहे.

समजा, तुमच्या भिडूनं 'एक बिनहुकूम' म्हटलं. प्रचलित पद्धतीत त्याचा अर्थ, 'माझ्याकडं 15 ते 17 गुण आहेत आणि चारही रंग साधारण सारखे आहेत.' तुमच्याकडं दहा गुण असतील तर बेरीज पंचवीसच्या खाली जातच नाही. सरळ तीन बिनहुकूम म्हणा. तुमच्याकडं पाचच असतील तर कितीही ताणलं तरी बेरीज बावीस. गप्प बसा. पण आठ-नऊ असतील तर? तेव्हा 'दोन बिनहुकूम' म्हणायचं. त्याचा अर्थ, 'मी काठावर आहे. तू सतराकडं असशील तर पुढं जा, पंधराच असतील तर थांब.'

मला ही बोली फार आवडते. ज्याच्याकडं माहिती आहे त्याच्याकडं निर्णय सोपवायचा, आणि सोपवताना आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं नेमकं सांगायचं. बेरीज-वजाबाकीचा हा पाठ सहावीच्या मुलालाही कळतो. घरात मोठ्यांनी मिळून निर्णय घेताना तो किती वेळा पाळला जातो, ते ज्याचं त्यानं बघावं.

आधी कोणता दरवाजा?

आता खेळाकडं येऊ. समजा तुम्ही 'सहा बिनहुकूम' ही मोठी बोली जिंकली आहे. बारा हात करायचे आहेत, एकच हात गमावता येईल. मोजले तर अकरा हात पक्के आहेत. बारावा कुठून आणायचा?

डमीकडं इस्पिकचा एक्का आणि राणी आहे, तुमच्याकडं इस्पिकची दोन हलकी पानं. राजा बाहेर आहे. तुम्ही हलकं पान उतरायचं, आणि डावीकडच्यानंही हलकं टाकलं तर डमीची राणी लावायची. राजा डावीकडं असेल तर राणी हात करते, उजवीकडं असेल तर मार खाते. शक्यता निम्मी-निम्मी.

दुसरा मार्ग चौकटचा. डमीकडं एक्का, राजा आणि तीन हलकी पानं, तुमच्याकडं तीन हलकी. म्हणजे बाहेर पाच चौकट उरली. ती समोरच्या दोघांत तीन-दोन अशी विभागलेली असण्याची शक्यता शंभरात 68 आहे, चार-एकची 28 आणि पाच-शून्यची 4. तीन-दोन असतील तर एक्का-राजा काढून एक हात द्यायचा, मग डमीची उरलेली दोन्ही चौकट मोठी होतात.

मुलांना विचारलं तर बरीचशी म्हणतात, '50 पेक्षा 68 मोठे, म्हणून चौकट.' उत्तर बरोबर, पण अर्धं. खरी गोम पुढं आहे. आधी राणी लावली आणि राजानं मारली, तर गमावायचा एकुलता एक हात तिथंच गेला. आता चौकटचा हात देता येत नाही. पण आधी चौकटचा एक्का आणि राजा काढून बघितले तर? दोन्ही वेळा दोघांनीही चौकट टाकली, तर पानं तीन-दोन आहेत हे कळलं. आता निर्धास्त एक हात द्या. एकाकडची चौकट आधीच संपली, तर तसंही कळलं, आणि अजून एकही हात गमावलेला नाही. इस्पिकचा मार्ग तसाच शिल्लक आहे. म्हणजे 68 अधिक उरलेल्या 32 चे निम्मे 16, मिळून सुमारे 84.

पत्ते तेच आणि नशीबही तेच. फक्त क्रम बदलला आणि 50 चे 84 झाले. जो मार्ग फसला तरी दुसरा शिल्लक राहतो, त्या मार्गानं आधी जायचं. दहावीनंतर शाखा निवडताना पालक विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना हेच दोन मार्ग कागदावर काढून दाखवतो.

उरलेल्या सोळांचं काय?

पण 84 म्हणजे शंभर नव्हे. सहा वेळांत एखादवेळी चौकटही फसणार आणि राजाही उजवीकडंच निघणार. डाव बुडणार. उलट, विचार न करता आधी राणी लावणारा निम्म्या वेळा जिंकणार आणि टाळ्याही घेणार. नुसता निकाल बघितला तर त्या दिवशी पहिला मूर्ख आणि दुसरा हुशार ठरतो.

ही गोष्ट मला पत्त्यांपुरती वाटत नाही. गेल्या वर्षी माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी गप्प गप्प राहू लागली होती. घरच्या डाळिंबाच्या बागेवर तेल्या पडला होता. विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, आमच्या पप्पांचंच चुकलं. सगळं गाव म्हणतंय मृग बहार धरायलाच नको होता." आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. डाळिंबाचे तीन बहार. पावसाळ्याच्या तोंडावरचा मृग, पावसाळा सरतानाचा हस्त आणि जानेवारी-फेब्रुवारीतला आंबे बहार. मृगाला पावसाचं पाणी मिळतं, पण ओल्या हवेत तेल्याचा धोका जास्त. हस्ताला रोगाचा ताण कमी आणि भाव बरा, पण पुढं उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरवावं लागतं.

मी तिला वहीत तीन रकाने आखायला सांगितले. 'तेव्हा काय माहीत होतं', 'काय ठरवलं' आणि 'काय झालं'. पहिला रकाना वडिलांना विचारून भर म्हटलं. दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. विहिरीला पाणी जानेवारीपर्यंतच टिकतं, टँकर परवडत नाही, त्याच्या आदल्या वर्षी मृगाचाच बहार चांगला निघाला होता, हे सगळं त्यात होतं. म्हणजे हस्त आणि आंबे बहार त्यांच्या हातातले पत्तेच नव्हते. शिवाय निम्म्या रानात त्यांनी बाजरी-मका ठेवला होता, सगळं डाळिंबावर लावलं नव्हतं. ती म्हणाली, "सर, पप्पा म्हणाले की असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

बागेचं नुकसान त्यानं भरून आलं नाही. कर्ज आहे तसंच आहे. पण घरात एकमेकांना दोष देणं थांबलं आणि पुढच्या बहाराचं बोलणं सुरू झालं, एवढं मी पाहिलं.

इथं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'नशीबच फुटकं' म्हणून हात झटकायला ही युक्ती नाही. ब्रिजमध्ये तशी पळवाट ठेवलेलीच नाही. स्पर्धेत एकच वाटप वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळ्या जोड्या खेळतात आणि नंतर तुलना होते. तेच पत्ते घेऊन दुसऱ्यानं बारा हात केले आणि तुम्ही अकरा, तर वाटपाला दोष देता येत नाही. म्हणून पहिला रकाना प्रामाणिकपणे भरावा लागतो. माहीत असून पाहिलं नाही, की माहीत असणं शक्यच नव्हतं? दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

वर्गात करून बघायचं असेल तर

पूर्ण बोलीपद्धत शिकवत बसू नका. मुलांसाठी 'मिनीब्रिज' नावाचा सोपा प्रकार आहे. प्रत्येकानं आपले गुण मोठ्यानं सांगायचे. ज्या जोडीचे गुण जास्त ती खेळणार, त्यातला जास्त गुणांचा खेळाडू खेळी करणार. भिडू पत्ते उघडे मांडतो, ते बघूनच किती हातांचं लक्ष्य आणि कोणता हुकूम ते ठरवायचं. शनिवारी शाळा सुटल्यावर तासाभरात दोन डाव आरामात होतात. पैसे, पैज, चॉकलेटसुद्धा लावायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा आणि पालकांना एकदा बोलावून खेळ दाखवावा. आमच्याकडं रागावून आलेले एक पालक मेंढीकोटात पटाईत निघाले. आता ते मुलांना उतारी शिकवतात.

वही मात्र हवीच. पहिलं पान टाकण्याआधी दोन रकाने भरायचे, तिसरा डाव संपल्यावर. मी गुण पहिल्या दोन रकान्यांना देतो. बुडालेल्या डावालाही दहापैकी नऊ मिळतात हे कळलं की मुलं चुका लपवायचं सोडतात आणि विचार करायला लागतात.

आता चाचणीचे पेपर घरी येतील. पालकांना एवढीच विनंती, की गुणांचा आकडा बघण्याआधी पोराला जवळ बसवून विचारा, 'अभ्यासाचं काय ठरवलं होतंस, आणि का?' त्याचं उत्तर पूर्ण ऐका. आकडा कुठं पळून जात नाही.