काळजाचा नकाशा

काळीज नेमके कोठे असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? काळजात धस्स झाले की आपला हात छातीवर जातो; खाटकाच्या दुकानातले काळीज मात्र यकृत असते. माझा हा घोटाळा दादाच्या दुखण्याने गेल्या वर्षी मिटवला.

दादा सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. तरी त्याचे यकृत निबर झाले. आतड्यांकडून पोर्टल शिरेने येणाऱ्या रक्ताला त्यातून वाट मिळेना. पोटात पाणी साठू लागले. डॉक्टर म्हणाले, "मानेतल्या शिरेतून नळी घालून यकृताच्या शिरेत उतरू. तेथून सुईने पोर्टल शीर गाठू आणि दोहोंमध्ये जाळीची नळी बसवू."

"पण ती दुसरी शीर दिसते का?" वहिनींनी विचारले.

प्रश्न मर्मावर होता. नुसत्या क्ष-किरणांत ती दिसत नाही. जोसेफ रोश यांनी ही वाट १९६९ साली प्राण्यांवर दाखवली. जाळीची नळी घालून माणसावर ती जर्मनीतील फ्रायबुर्गला १९८८ साली वापरली गेली. तरी सुई बरीचशी अंदाजानेच चाले. आता सोनोग्राफीची चित्रे जोडून संगणक दोन्ही शिरांचा नकाशा उभा करतो. सुई कोठून, कोणत्या दिशेने, किती खोल न्यायची, हे आधीच ठरवता येते.

एकच अडचण. श्वासागणिक यकृत वर-खाली सरकते. "श्वास धरा" म्हणून काढलेला नकाशा त्या एका श्वासापुरताच खरा! म्हणून प्रत्यक्ष सुई चालवताना सोनोग्राफीने पुन्हा पाहावे लागते.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही दोघे बसलो होतो. बराच वेळ गेला. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, श्वास घ्या. चित्र तुमचे नाही काढायचे."

दादा घरी आला. मात्र आता काही रक्त यकृताला वळसा घालून जाते. ते गाळले जात नाही, आणि त्याने कधी कधी माणसाला भ्रम होतो. त्याचा नकाशा कोणत्याही संगणकाजवळ नाही. म्हणून वहिनी रोज सकाळी चहा देताना विचारतात, "अहो, आज वार कोणता?"

परवा दादा एक घोट घेऊन खेकसला, "गुरुवार! आणि चहात साखर घालायला आज तू विसरलीस!"

एरवी वहिनींनी उलट उत्तर दिले असते. त्या दिवशी त्यांनी डोळे पुसले आणि साखरेचा डबा आणला.