विंचवाचे बिऱ्हाड

दिवाळी आटोपली, की घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरू लागतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबडी आणि कोंबडीशेजारी एखादे पोर, असा तो संसार आमच्या दारावरून जाई. नेमक्या याच सुमाराला पृथ्वीच्या पाठीवर आणखी एके ठिकाणी अशीच उतरण सुरू होते. कॅनडातला सस्कॅचेवान, अमेरिकेतले मिनेसोटा, नॉर्थ डकोटा अशा बर्फाळ मुलखांतले पेन्शनीत निघालेले लोक घरच चाकांवर चढवतात आणि दक्षिणेची वाट धरतात. ॲरिझोना, टेक्ससचा नदीकाठ, फ्लॉरिडा ही त्यांची कोकणे. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी म्हणतात आणि त्यांच्या त्या वाहनाला 'आर. व्ही.'. मेंढरे तेवढी नसतात. कुत्रे मात्र बहुतेकांचे एक तरी असते.

या पक्ष्यांत माझी थोरली बहीण आहे. अक्का लग्न होऊन मिनेसोटात गेली त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. भाऊजी निवृत्त झाल्यावर त्यांनी चोवीस फुटी मोटारघर घेतले आणि दोघे दर हिवाळ्याला १,८०० मैल तोडून ॲरिझोनात जाऊ लागले. बारा हिवाळे गेले. तीन वर्षांपूर्वी भाऊजी वारले. त्या साली घरच्यांना वाटले, गाडी आता विकली जाईल. अक्काने तिचे टायर बदलून घेतले आणि नोव्हेंबरात ती एकटी निघाली. वय वर्षे शहात्तर!

मग भाच्याचा मला फोन. "मामा, तू जन्मभर विमा कचेरीत धोके मोजलेस. एकदा जाऊन तिथे राहून ये. सुरक्षित आहे असं म्हणालास, तर मी पुन्हा बोलणार नाही. नाही म्हणालास, तर ती तुझं ऐकेल."

शेवटचे वाक्य भाबडे होते. अक्काने माझे काही ऐकल्याची नोंद आमच्या घराण्यात नाही. परंतु दाव्यांच्या खात्यात तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाला असे निमंत्रण नाकारवत नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे पोचलो आणि तीन आठवडे राहिलो.

गावाचे नाव क्वार्टझाइट. वस्ती अडीच हजारांच्या आतबाहेर. चारी बाजूंना खडीचे वाळवंट, मधूनच हात वर करून उभे असलेले निवडुंग. हिवाळ्यात मात्र या गावाभोवती मोटारघरांचा असा समुद्र पसरतो, की पंढरपूरच्या वाळवंटातल्या राहुट्या आठवाव्या. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा सरकारी तळ आहे. १९८३ सालापासून अशा जागा दीर्घ मुक्कामासाठी राखलेल्या आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा हंगाम. सबंध हंगामाचे शुल्क कित्येक वर्षे १८० डॉलर होते. मुंबईत या पैशात मोटार उभी करायलाही कोणी सात महिने जागा देणार नाही. अर्थात मिळते तेही तेवढेच: पाण्याचा नळ, कचऱ्याची व मैल्याची सोय, आणि आकाश. वीज आपली आपण सूर्याकडून घ्यायची.

गावात पाहण्यासारखे एक थडगे आहे. १८५६ साली अमेरिकी लष्कराने वाळवंटातल्या वाहतुकीसाठी उंट आणवले. त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली नावाचा उंटवाला १९०२ साली इथे वारला. तिथल्या लोकांना नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे 'हाय जॉली' करून टाकले. १९३५ साली त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड बांधून वर धातूचा उंट बसवला. फिरस्त्यांच्या गावाला कुलदैवत मोठे साजेसे मिळाले आहे!

आता चोरी. आपल्याकडे कोणालाही सांगा, की एक म्हातारी बाई उघड्या माळावर पत्र्याच्या घरात एकटी झोपते. पहिला प्रश्न चोराचा निघेल. मी हा प्रश्न पहिल्या दोन दिवसांतच बाजूला ठेवला, आणि तो कुलपे चांगली असल्यामुळे नव्हे. या मोटारघरांच्या सामानाच्या कप्प्यांना जे कुलूप असते, त्याची किल्ली पिढ्यान्पिढ्या एकच आहे. 'सीएच ७५१' हा तिचा क्रमांक. तळावरच्या निम्म्या लोकांच्या जुडग्यात ती आहे आणि ती निम्म्या लोकांचे कप्पे उघडते. जनित्रे आणि सायकली लोक साखळीने बांधतात. बाकी कशाची फारशी काळजी करीत नाहीत. कारण खुर्ची टाकून बसलेल्या निवृत्त माणसाइतका कडक पहारेकरी जगात नाही. परका माणूस रस्त्यावर आला, की चार पडदे हलतात. शिवाय तळाचे यजमान असतात: फुकट जागेच्या बदल्यात देखरेख करणारे जोडपे, तेही निवृत्तच. आमच्या भागातले यजमान एकेकाळी शाळेत गणित शिकवीत असत आणि अजूनही तसेच बघत.

साप हिवाळ्यात बिळात असतात. विंचवांचेही तेच. "तुझ्या त्या कोकणातल्या घरात मला दोनदा चावला होता," अक्का म्हणाली, "इथं बारा हिवाळ्यांत एकदासुद्धा दिसला नाही." ते खरे आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्रॅझोसिनचा उपयोग दाखवून देईपर्यंत आमच्या बाजूला विंचू म्हणजे काय होते, ते जुन्या माणसांना विचारावे.

खरा विंचू मला गाडीच्या आत सापडला. वाळवंटात दुपारी शर्टावर बसावे इतकी ऊब असते आणि पहाटे पारा पाच अंशांवर येतो. मग सगळे गॅसची शेगडी लावतात. ही शेगडी हवेतला प्राणवायू खाते, आणि नीट जळली नाही तर कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना रंग, ना वास. माणूस झोपेतून उठतच नाही. दुसरा धोका खुद्द गॅसच्या गळतीचा. प्रोपेन हवेपेक्षा जड. तो पाण्यासारखा जमिनीलगत साठतो. म्हणून त्याचा इशारा देणारे यंत्र पायाशी बसवलेले असते. गॅसला मुद्दाम दुर्गंध घातलेला असतो हे खरे. पण वय वाढते तसे नाक मंदावते, आणि ते मंदावले आहे हे नाकाच्या मालकाला सहसा कळत नाही. अक्काला मी हिंगाच्या डबीचे झाकण काढून लांबून वास विचारला. ती म्हणाली, "कसला वास?"

मी ओणवा होऊन त्या यंत्राची मागची बाजू पाहिली. अशा यंत्रांचे आयुष्य पाच ते दहा वर्षांचे असते आणि मुदतीची तारीख मागे छापलेली असते. तिच्या यंत्राची मुदत संपून चार वर्षे झाली होती.

"अरे, पण बटण दाबलं की ओरडतं ना!"

"अक्का, बटण दाबल्यावर फक्त भोंगा ओरडतो. गॅस ओळखणारा भाग मेला असेल तरी ओरडेल."

ती गप्प बसली. ते यंत्र भाऊजींनी स्वतःच्या हातांनी बसवले होते. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन दोन नवी आणली, एक गॅसचे आणि एक कार्बन मोनॉक्साइडचे. जुने तिने फेकले नाही, कपाटात ठेवले.

निसर्गाचे धोके जागेवर ठरतात. वादळात ही घरे कुचकामी: ती जमिनीला खिळलेली नसतात. फ्लॉरिडात ओर्लँडोच्या बाजूला २२ फेब्रुवारी १९९८ च्या रात्री चक्रवाती झोत आले. पहाटेपर्यंत ४२ माणसे मेली, आणि त्यांत पुष्कळजण अशाच हलक्या घरांत झोपलेले होते. तेव्हा तिकडे तळ निवडताना पोहण्याचा तलाव पाहू नये. स्नानगृहाची इमारत पक्क्या भिंतींची आहे काय ते पाहावे. पाण्याचेही तसेच. ४ जुलै २०२५ रोजी टेक्ससमध्ये ग्वाडालूप नदीने पहाटेच्या अंधारात काठावरचे मोटारतळ धुऊन नेले. त्या पुरांत १३० हून अधिक माणसे गेली. नदीकाठच्या जागेला जास्त भाडे पडते, हे धंद्याचे गणित आमच्या खात्याला कधी उमगले नाही. वाळवंटात नदी नाही असे वाटते. पण कोरडे ओहोळ आहेत, आणि पाऊस वीस मैलांवर पडला तरी ते अचानक भरतात. अडथळा लावलेल्या पाण्यात गाडी घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याचा कायदा ॲरिझोनाने १९९५ साली केला. लोक त्याला मूर्ख मोटारवाल्यांचा कायदा म्हणतात. आपल्याकडेही तो करून पाहायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र येणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही. या मातीत एक बुरशी असते. धुळीबरोबर ती छातीत जाते आणि 'व्हॅली फीव्हर' नावाचा आजार होतो. पुष्कळांना तो साध्या फ्लूसारखा येऊन जातो. म्हाताऱ्यांत कधी फुप्फुसात ठाण मांडतो. गंमत अशी, की माणूस एप्रिलमध्ये उत्तरेला परततो, तिथे खोकू लागतो, आणि तिथल्या डॉक्टरच्या ध्यानीमनी ही बुरशी नसते. म्हणून हटत नसलेल्या खोकल्याबरोबर "मी हिवाळ्यात ॲरिझोनात होते" हे वाक्य डॉक्टरकडे न्यावे लागते. अक्काने ते फ्रिजवर लिहून ठेवले आहे.

संक्रांतीला तिने तीळगूळ केला आणि आम्ही दोघे तो वाटायला निघालो. साठ-सत्तर बिऱ्हाडे झाली. ज्याच्या त्याच्या दाराशी ती "गोड बोला" चे इंग्रजी करून सांगे, आणि माणसे आपापली दुखणी सांगत. युमाजवळून सीमा ओलांडून मेक्सिकोतल्या लॉस अल्गोडोनेसला दात बसवायला कोण गेले, कोणाचा डोळा झाला, कोणाची कवळी सैल आली. सगळेच हौसेने आलेले नव्हते. जेसिका ब्रूडरच्या 'नोमॅडलँड' या २०१७ सालच्या पुस्तकातली माणसे इथलीच: घरभाडे झेपेना म्हणून गाडीत राहू लागलेली. तशी दोन बिऱ्हाडे आमच्या ओळीत होती. त्यांना एप्रिलमध्ये परत जायला घर नव्हते. त्यांच्यासाठी हा तळ सुरक्षित आहे की नाही, असे कोणी भाचा विचारीत नव्हता.

शेजारी सस्कॅचेवानचे एक विधुर शेतकरी होते, एक्याऐंशी वर्षांचे. त्यांचा आणि अक्काचा एक करार होता. सकाळी आठाच्या आत ज्याने त्याने आपल्या पुढच्या खिडकीचा पडदा वर करायचा. बोलणे नाही, चौकशी नाही, फक्त पडदा. तेवीस जानेवारीला आठ वाजून दहा मिनिटांनी अक्का चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "पडदा खाली आहे."

ते पलंग आणि मोरीच्या मध्ये पडले होते. शुद्धीवर होते, डावी बाजू हलत नव्हती. अक्काच्या दारामागे एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तिच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि मुख्य रस्त्यापासूनच्या वळणांची संख्या. माळावर घर क्रमांक नसतो. रुग्णवाहिकेला काय सांगणार? तिने तो कागद फोनवर शांतपणे वाचून दाखवला, जणू किराणा मालाची यादी. गाडी लवकर आली. इस्पितळ मात्र पार्करला, पस्तीस मैलांवर. तिथून त्यांना हेलिकॉप्टरने फिनिक्सला हलवले.

चार दिवसांनी त्यांचा मुलगा आला. कागदपत्रे त्याने माझ्यापुढे टाकली, आणि मी पुन्हा दाव्यांच्या खात्यात जाऊन बसलो. कॅनडातल्या सरकारी विम्यातून अमेरिकेतला खर्च फारच थोडा निघतो; म्हणून हे लोक प्रवासाचा वेगळा विमा उतरवतात. त्यात बारीक अक्षरांत एक कलम असते: जुना आजार प्रवासापूर्वी अमुक दिवस 'स्थिर' असला पाहिजे. रक्तदाबाच्या गोळीचा डोस बदलला, तरी पुष्कळ पॉलिस्यांच्या भाषेत तो अस्थिर होतो. म्हाताऱ्यांचा डोस निघण्यापूर्वी वाढवून दिला होता, चांगल्या हेतूने, 'लांबचा प्रवास आहे' म्हणून. हे कलम मी उभ्या आयुष्यात अनेकदा दुसऱ्यांना लावले आहे; पलंगावरच्या माणसाची चप्पल दाराशी दिसत असताना वाचले नव्हते. कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केला. तो पत्रव्यवहार अजून चालू आहे. मुलगा वडिलांचे मोटारघर घेऊन उत्तरेला गेला. त्या जागेवर दगडांचे एक वर्तुळ उरले. अक्काने ते हलवू दिले नाही.

त्या रात्री मी विषय काढला. "हे तुझ्या बाबतीत झालं तर?"

"तर माझाही पडदा खाली राहील. नवा शेजारी आला की त्याला सांगेन." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तिकडे दारातल्या बर्फावरून पाय घसरून पडले, तर मला कोण बघणार? जानेवारीत त्या गल्लीतले पडदे वर जातच नाहीत. मुलगा रविवारी फोन करतो. सोमवारी पडले तर?"

जोखीम कशाच्या तुलनेत, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. तो ती कोणत्याही कचेरीत न जाता शिकली होती.

भाच्याला मी पत्र लिहिले. चोर, साप, विंचू यांची काळजी सोड. गॅसची यंत्रे बदलली आहेत, त्यांची तारीख तुझ्या डायरीत लिही. रोज सकाळी साडेआठला तू फोन कर, दोन मिनिटे पुरेत. विम्याचे कागद निघण्यापूर्वी मला पाठवत जा. आणि शेवटचे, पुढच्या वर्षापासून तिने युमाच्या एखाद्या बांधीव तळावर राहावे, जिथे वीज आहे आणि मोठे इस्पितळ गावातच आहे.

पत्र टाकण्यापूर्वी अक्काने ते चष्मा लावून वाचले. फोनच्या ओळीत 'साडेआठ' खोडून 'नऊ' केले. युमाच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"युमाला गाड्या इतक्या खेटून असतात, की शेजाऱ्याच्या खोकल्यानं जाग येते," ती म्हणाली. पत्र माझ्या हातात देऊन तिने किल्ली उचलली आणि पाण्याची टाकी भरून आणायला गाडी सुरू केली.