बादलीभर हवा

मे महिन्यात एसीच्या नळीखाली बादली ठेवायची आमच्या घरातली जुनी सवय. सकाळी ते पाणी कुंड्यांना घालायचं. परवा बादली उचलताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे हवेतलंच पाणी ना? मग आत्याआजीच्या गावाला असं यंत्र बसवूया की!"

आत्या शहापूर तालुक्यातली. उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर टँकर येतो. मुलाचं बोलणं डोक्यात राहिलं, आणि मी हिशोब करायला बसलो.

दमट दिवशी एक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम पाणी असतं. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीतली सगळी हवा पिळून काढली, तरी जेमतेम अर्धा लिटर. हंडा भरायचा तर किती खोल्या पिळायच्या? पावसाळ्यात मुरबाडहून माळशेजला जाताना ढग गाडीत शिरतात, तेव्हा हवेत पाणीच पाणी. पण तेव्हा बाहेरही धो धो कोसळत असतं!

अशी यंत्रं आहेत, नाही असं नाही. २०२२ साली मध्य रेल्वेने मुंबईतल्या काही स्टेशनांवर 'मेघदूत' नावाची यंत्रं बसवायचं ठरवलं होतं. पण लिटरभर वाफेचं पाणी करायचं, तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. तेच लिटरभर पाणी १०० मीटर उंच चढवायला लागतं फक्त १ किलोज्यूल! यंत्र कितीही चांगलं असलं, पंप कितीही जुना असला, तरी फरक शेकडो पटींचा.

संध्याकाळी आत्याला फोन केला. यंत्राचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे बाळा, हवेतलं कशाला काढताय? आमच्या टेकडीवरून धरण दिसतं. त्यातलंच दोन हंडे वर येऊ देत की."

मी काय बोलणार? तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. आज मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी भातसाचं. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यातच. मी मुलुंडला राहतो, माझ्या नळाला येतं ते तिच्याच अंगणातलं.

असो. बादली अजून ठेवतो, कुंड्यांसाठी. पण आता ती भरलेली दिसली की आत्याचे दोन हंडे आठवतात.