रंग जिथून निघून गेला

२०१६च्या मार्गशीर्षात मी एका पैठणीच्या ब्लाऊजवर मोर भरत होते. रिंग आवळताना उजव्या मनगटावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. खडू लागला असेल म्हणून पदराने पुसला, पण तो गेला नाही.

वर्षभरात असे ठिपके बोटांच्या टोकांवर, कोपरावर आणि डोळ्यांच्या कडेला उमटले. सांगलीत राहत्या घरीच मी वीस वर्षं भरतकाम करते आहे. गिऱ्हाईक आधी माझे हात बघतं, मग काम. एक जुन्या ताई मुलीच्या लग्नाचे ब्लाऊजपीस "सध्या राहू दे" म्हणून परत घेऊन गेल्या. त्यांची नजर माझ्या बोटांवर होती. मी लांब बाह्या घालू लागले. रिंगमधल्या कापडावरून नजर हातांकडे वळू नये, याचीही सवय करून घेतली.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. शरीराची संरक्षण यंत्रणाच रंग तयार करणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींना परकं समजते आणि मारते, त्यामुळे कोड येतं. त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही आणि ते एकाचं दुसऱ्याला होत नाही. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता? सुई टोचते? कात्रीची कडी घासते?" कोड असलेल्या माणसाची कातडी जिथे सतत घासते किंवा दुखावते, तिथे नवा डाग उठू शकतो. हाइनरिख कोब्नर या जर्मन डॉक्टरच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. माझे पांढरे डाग नेमके सुई धरायच्या बोटांवर का होते, ते त्या दिवशी कळलं. घरी येऊन कात्रीच्या कड्यांना मऊ कापड गुंडाळलं आणि सैल अंगुस्तान आणलं. भरतकाम मात्र सोडलं नाही.

डाग वाढतात की थांबतात, याची नोंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मोबाइलवर फोटो काढण्याचा धीर होईना. मग मी बटरपेपर हातावर ठेवला आणि पेन्सिलीने डागांच्या कडा गिरवल्या. नक्षी उतरवताना करते तसंच सुईने कडांना भोकं पाडली, रॉकेलात कालवलेली नीळ कापसाने फिरवली आणि हात कापडावर उतरला. कितीतरी महिन्यांनी मी तो नीट पाहिला.

पहिल्यांदा चुकले. गव्हाळ कापडावर पांढऱ्या रेशमाने डाग गच्च भरले. बोट फिरवलं तर ते उंच लागत होते. मग स्वतःच्या मनगटावरून बोट फिरवलं. तिथे उंचवटा नव्हता की खडबड नव्हती. डोळे मिटल्यावर डाग कुठे सुरू होतो तेही समजेना. आपण डाग 'पडला' म्हणतो, कोड 'फुटलं' म्हणतो, जणू बाहेरून काहीतरी अंगावर येऊन बसलं. माझ्या अंगावर काहीच आलेलं नव्हतं, फक्त रंग निघून गेला होता.

सगळं उसवलं. पांढरा मांजरपाट ताणला, डाग कोरे ठेवले आणि त्यांच्याभोवतीची कातडी भरायला घेतली. सहापदरी दोऱ्याचा एकेक पदर सोडवून लांब-आखूड टाके घातले. बोटांच्या पेरांना नाचणीचा रंग लागला, तळहाताच्या कडेला गुळाचा, मनगटाला दुधाच्या चहाचा. एका हाताला नऊ छटा आणि चार महिने लागले. इतकं निरखून मी माझ्या कुठल्याच अवयवाला कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी तेव्हा कला शिकत होती. तिने मला आग्नेस रिख्टरच्या जाकिटाचं चित्र दाखवलं. ही शिवणकाम करणारी जर्मन बाई मनोरुग्णालयात होती. १८९५च्या सुमारास तिने तिथल्याच जाडसर कापडाचं जाकीट शिवून त्यावर आतून-बाहेरून अक्षरं भरली. बरीचशी आता वाचता येत नाहीत. पण 'मी' हा शब्द लागतो आणि तिच्या धुण्याचा ५८३ हा क्रमांकही. ते जाकीट आज हायडेलबर्गच्या प्रिंझहॉर्न संग्रहात आहे. एलायझा बेनेट या आजच्या ब्रिटिश कलावंत बाईंनी तर स्वतःच्या तळहाताच्या वरच्या कातडीतच दोरा ओवला. ते चित्र पाहून माझ्या बोटांना कळ आली, पण तळहातावर कष्टाची नोंद ठेवायची त्यांची ओढ मला कळली. अमेरिकेत एड्सच्या रुग्णांना लोक शिवायला तयार नव्हते, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांच्या नावाच्या गोधड्या शिवल्या. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, थडग्याच्या मापाचा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानात असे १,९२० तुकडे अंथरले गेले. हे सगळं पाहिल्यावर मी माझा हात कपाटातून काढला आणि पुढच्या खोलीत टांगला.

दरम्यान अतिनील किरणांचे उपचार सुरू होते, आठवड्यातून दोनदा. पाचव्या महिन्यात कोपराजवळच्या पांढऱ्या डागात बारीक तपकिरी ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले, केसांच्या मुळाशी काही रंगपेशी शाबूत राहतात, तिथून रंग परततो. ते ठिपके हुबेहूब गाठीच्या टाक्यासारखे होते. त्या रात्री मी पुढच्या कापडावरच्या कोऱ्या जागेत एकेक गाठ घातली, अंगावर होत्या तेवढ्याच. बोटांच्या टोकांना केस नसतात. तिथला रंग परतला नाही, आणि कापडावरही मी तिथे टाका घातलेला नाही.

आता भिंतीवर पाच हात आहेत, दर वर्षी एक. माप द्यायला आलेल्या बायका त्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात. मी बाह्या वर करून दाखवते.

तुमच्या घरात कोणाला कोड असेल, तर त्या माणसाचा हात हातात घ्या. कोड स्पर्शाने पसरत नाही.