पावसाळी वाचन : रान, बाग आणि झाडांचे राखणे



विजयदुर्ग, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. लावणी आटपली. कलमांना खतं जूनमध्येच दिली होती, पॅक्लोब्युट्राझोलचं कामही उरकलं. आता पाऊस उघडला की गवत कापायचं आणि धरला की पडवीत बसायचं. अशा वेळी वर्षभर बाजूला पडलेली पुस्तकं बाहेर निघतात. एरवी या पानावर मोहोर, तुडतुडे आणि थ्रिप्सच असतात. आज पुस्तकांबद्दल लिहितो. शेवटी आंब्यावरच येणार आहे, काळजी नको.

मला अद्भुत गोष्टींची पुस्तकं आवडतात. राक्षस, जादू, बोलणारी झाडं, सगळं चालतं. शेजारचे काका परवा म्हणाले, "केस पिकले तुझे, आनी अजून राकसांच्योच गोष्टी वाचतंस?" मी म्हटलं, "काकानू, तुमी राखणदाराक दरवर्सा नारळ देतास, तेका कधी बघलास?" काका हसले आणि पुस्तक हातात घेऊन चाळायला लागले.

खरं सांगायचं तर आपल्याकडे अद्भुत बाहेरून आणावं लागत नाही. प्रत्येक वाडीला राखणदार आहे, प्रत्येक व्हाळाची एक गोष्ट आहे. तेव्हा आधी जवळची पुस्तकं सांगतो.

घरात लहान मुलं असतील तर विंदा करंदीकर. विंदा आमच्याच देवगड तालुक्यातले, जन्म धालवलीचा, 1918 सालचा. 2003 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेला हा कवी मुलांसाठी 'एटू लोकांचा देश', 'अजबखाना', 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' अशी पुस्तकं लिहून गेला. मुलांच्या हातात नुसती देऊन ठेवू नका, रात्री लाईट गेली की मोठ्याने वाचून दाखवा. भुतावळ असूनही मुलं घाबरत नाहीत, उलट आणखी एक वाचा म्हणून मागे लागतात.

मोठ्यांसाठी चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा', 1966 सालची. खानोलकर म्हणजेच कवी आरती प्रभू. जन्म वेंगुर्ल्याकडचा, बागलांची राई इथला. समुद्रकाठच्या कोंडुऱ्याकडून एका साध्या माणसाला शक्ती मिळते आणि पुढे ती शक्तीच त्याला पेलत नाही. आपल्या भागातली श्रद्धा, भीती आणि माणसांचं वागणं एवढं खरं लिहिलंय, की वाचताना गावातलीच माणसं दिसतात. श्याम बेनेगलांनी त्यावर सिनेमाही केला होता.

जुन्या वळणाचं वाचायची तयारी असेल तर नाथमाधवांची 'वीरधवल', 1913 ची. शिकारीच्या वेळी पडून हा माणूस अपंग झाला आणि मग लेखणीकडे वळला. भाषा जुनी आहे, पहिली काही पानं सोसावी लागतात, पुढे गोष्ट आपोआप ओढून नेते. आणि सावकाश वाचायचं असेल तर जी. ए. कुलकर्णींच्या 'रमलखुणा'मधली 'इस्किलार'. ही एका बैठकीत संपवायची नाही. दोन पानं वाचायची आणि बाहेर पाऊस बघत बसायचं.

आता सध्या काय वाचतोय ते. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. मूळ पुस्तक 1954-55 मध्ये तीन भागांत आलं. मुग्धा कर्णिक यांनी ते मराठीत आणलंय, 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने. जाडी बघून घाबरू नका, आपल्या किल्ल्याची तटबंदी एका दिवसात बांधून झाली नव्हती. गोष्ट एका दुष्ट अंगठीची आणि ती नष्ट करायला निघालेल्या बुटक्या माणसांची. हे बुटके म्हणजे हॉबिट, आणि ते मूळचे शेती-बागायतीवाले. त्यांतला सॅम तर पेशाने माळी. त्याला एका राणीकडून भेट मिळते ती सोन्याची नव्हे. मिळते तिच्या बागेतली डबीभर माती. परत आल्यावर बघतो तर गावातली झाडं तोडलेली. मग तो नवी रोपं लावत फिरतो आणि प्रत्येकाच्या मुळाशी त्या मातीचा एकेक कण टाकतो. हे वाचून कुठला बागायतदार खूश होणार नाही?

पण मी अडकलोय तो दुसऱ्याच जागी. या पुस्तकात एंट नावाचे प्राणी आहेत. दिसायला झाडासारखे, बोलायला अतिशय संथ. काम काय, तर रानातली झाडं राखणं. गुरांचे जसे राखणे असतात, तसे हे झाडांचे राखणे. त्यांच्या बायकांना मात्र रान आवडायचं नाही. त्यांना फळझाडं, धान्य, आखलेली बाग आवडायची. जिथे लावलं तिथेच उगवावं, सांगितलं तसंच वाढावं, असा त्यांचा स्वभाव. माणसांना शेती त्यांनीच शिकवली असं गोष्टीत आहे. नवरे रानात हिंडत राहिले, बायका नदीपलीकडे बागेत राहायला गेल्या. भेटीगाठी कमी होत गेल्या. पुढे लढाईत त्या बागा बेचिराख झाल्या आणि बायका कुठे गेल्या ते कुणालाच कळलं नाही. तेव्हापासून एंटांना पोरं नाहीत. आहेत ते म्हातारे होत चाललेत.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं, कारण माझ्या घरात सध्या हाच विषय चाललाय.

आमच्या बागेच्या वरच्या अंगाला, सड्याच्या उतारावर, थोडी राय आहे. जुने रायवळ आंबे, ऐन, किंजळ, एक सातवीण आणि मधोमध राखणदाराचा दगड. सातबारा सामायिक. सरपणाचा व्यापारी येऊन झाडं बघून गेलाय. मुंबईच्या भावंडांचं म्हणणं, झाडं द्यायची, पैसे वाटून घ्यायचे आणि मोकळ्या जागेत हापूसची कलमं लावायची. चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तां नुसतां रान. थंय कलमां बसतीत."

त्याचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. मीही बागवालाच आहे, एंटांच्या बायकांच्या बाजूचा. आखलेली बाग मलाही आवडते आणि घर तिच्यावरच चालतं. पण हापूसची खोड आपल्याला माहीत आहे. स्वतःच्याच परागावर त्याची फळधारणा नीट होत नाही, जवळ दुसऱ्या जातीचा मोहोर लागतो. म्हणून तर हापूसच्या बागेत मधून मधून केसर, रत्ना अशी कलमं लावा असा सल्ला देतात. पराग नेणाऱ्या माश्या आणि मधमाश्या काही आपण पगारावर ठेवलेल्या नाहीत. त्या राहतात जुन्या झाडांच्या ढोलीत, पाचोळ्यात, रानफुलांवर. रायवळ आणि हापूस यांचा मोहोर एकाच वेळी आला, तर ती राय माझ्या बागेचं सासरही आहे आणि माहेरही. रान आणि बाग यांची भेट तुटली की पोरं होत नाहीत, हे टोल्किनने गोष्टीत लिहिलं. आपण ते फळधारणेत बघतो.

मात्र गोष्टीच्या जोरावर भावंडांशी भांडणं बरं नाही. म्हणून या हंगामात मोजणार आहे. राईला लागून असलेल्या रांगेतली पाच कलमं आणि राईपासून सगळ्यात लांबच्या रांगेतली पाच कलमं. वय आणि खतपाणी सारखं बघून निवडायची. प्रत्येक कलमाला चारही दिशांचे मिळून दहा मोहोर सुतळी बांधून ठेवायचे. फळ वाटाण्याएवढं झालं की एकदा मोजायचं, सुपारीएवढं झालं की परत मोजायचं. फवारणी दोन्हीकडे एकाच दिवशी आणि मोहोर फुललेला असताना कीटकनाशक टाळायचं. गिर्ये-रामेश्वरच्या आंबा संशोधन उपकेंद्रात जाऊन ही पद्धत बरोबर आहे का ते आधी विचारून घेईन. ज्यांच्या बागेला अशी राय लागून आहे त्यांनीही हे करून बघावं. एका बागेच्या आकड्यावर काही ठरत नाही, चार बागांचे मिळाले तर बोलता येईल.

चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी येतील. तेव्हा व्यापाऱ्याला काय सांगायचं ते ठरेल. मी एवढंच मागणार आहे, की हा एक मोहोर जाऊ दे. आकडे हातात आले की परत बसू. तेव्हाही राय द्यायचीच असं सगळ्यांचं ठरलं, तर माझी एकट्याची सही अडवून ठेवणार नाही. पण मोजल्याशिवाय कुऱ्हाड नको.

आणि भावंडांची पोरं येतील, त्यांच्यासाठी विंदांची पुस्तकं काढून ठेवली आहेत. आरती झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना वरच्या राईत नेणार आहे. एंटांची गोष्ट तिथेच सांगेन, सातविणीखाली. फक्त पाऊस उघडला पाहिजे. आणि जळवांसाठी मीठ बरोबर घ्यायला हवं.