बादलीतलं फुप्फुस

पशुवैद्यकीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी विषय घेतला होता डुकरांच्या न्यूमोनियाचा. कापलेल्या डुकरांची फुप्फुसं तपासायची आणि आजार किती पसरलाय ते मोजायचं. परळच्या कॉलेजच्या हॉस्टेलवरून पहाटे साडेतीनला कत्तलखान्याकडे निघायचो. गमबूट, हातमोजे, छापील तक्ते आणि शिसपेन्सिल. पेन घेऊन जायची चूक एकदाच केली. ओल्या कागदावर शाई पसरते.

मोजायची पद्धत ऐकायला सोपी. मादेक आणि कोबिश या फ्रेंच संशोधकांनी ती १९८२ मध्ये मांडली. डुकराच्या फुप्फुसाचे सात खंड, डावीकडे तीन आणि उजवीकडे चार. खंडाचा पाव भागाहून कमी हिस्सा आजारी असेल तर १ गुण, पाऊण किंवा त्याहून जास्त असेल तर ४. सगळ्यांची बेरीज जास्तीत जास्त २८. जितके गुण जास्त, तितकं डुक्कर नापास.

पहिल्याच पहाटे मी बावीस फुप्फुसं तपासली. जवळजवळ प्रत्येकावर लाल डाग होते. गुण भराभर पडत होते आणि मी मनातून खूश होतो. प्रबंध भरगच्च होणार!

आतडी-कलेजी काढायच्या टेबलावर साठीच्या घरातले एक मामा होते. ते बराच वेळ माझी पेन्सिल बघत होते. शेवटी म्हणाले, “डॉक्टर, ह्याला तुम्ही आजार म्हणता? ह्यात रक्त गेलंय.”

गळा कापल्यावर डुक्कर शेवटचे श्वास ओढतं, तेव्हा रक्त श्वासनलिकेतून आत जातं आणि फुप्फुसभर शिंतोडे उडाल्यासारखे डाग पडतात. पुस्तकात हे वाचलं होतं. टेबलापाशी आठवलं नाही. मामांनी डागाळलेला एक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाकला. तरंगला. मग दुसऱ्या फुप्फुसाच्या पुढच्या खंडाचा तुकडा कापून टाकला. तो सरळ तळाला गेला. “हा तुमचा आजार,” मामा म्हणाले आणि पुढच्या डुकराकडे वळले.

तेव्हापासून मी डोळ्यांआधी बोटांना विचारू लागलो. निरोगी फुप्फुस गुलाबी, हलकं. दाबलं की ओल्या स्पंजासारखं बसतं. आजारी भाग जांभळट किंवा करडा, किंचित खाली बसलेला, निरोगी भागापासून रेघ मारल्यासारखा वेगळा. दाबला तर बोटाला कलेजी लागल्यासारखं वाटतं. रक्ताचा डाग लाल दिसतो, पण बोटाला मऊच लागतो.

जागाही बोलते. मायकोप्लाझ्मा या जंतूचा न्यूमोनिया बहुतेक वेळा पुढच्या, खाली लोंबणाऱ्या खंडांत दिसतो. उजव्या पुढच्या खंडाला तर डुकरात थेट मुख्य श्वासनलिकेतूनच वेगळी फांदी जाते. मागच्या मोठ्या खंडांवर फुप्फुसाचं आवरण बरगड्यांना चिकटलेलं सापडलं, तर संशय दुसऱ्या जंतूवर, ॲक्टिनोबॅसिलसवर जातो. असं फुप्फुस ओढून काढताना फाटतं आणि त्याचा तुकडा छातीच्या भिंतीलाच राहतो. म्हणून नुसतं टेबलावरचं बघून भागत नाही. वर टांगलेल्या धडाच्या आतही डोकावावं लागतं.

दुसरा धडा फार्मवर मिळाला. ठाणे जिल्ह्यातल्या एका मालकाची डुकरं यायची, त्यांचे गुण बहुधा दोन-तीनच्या वर जात नसत. मी मालकांना सांगायला गेलो, “काका, तुमची डुकरं एकदम ठणठणीत.” ते हसले. “अहो, तिसऱ्या महिन्यात अख्खी शेड खोकत होती. रात्री झोप लागेना आम्हाला.”

मी परत येऊन त्यांच्या पुढच्या खेपेची फुप्फुसं नीट उजेडात धरली. पुढच्या खंडांवर बारीक, फिकट, आत ओढलेल्या रेघा होत्या. भरून आलेल्या जखमेचे व्रण. हा न्यूमोनिया साधारण दोन-तीन महिन्यांत भरून येऊ शकतो आणि त्यांची डुकरं आठव्या महिन्यात कापली जात. म्हणजे माझ्या हातात डुकराच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांचाच हिशेब होता. आधीचं खोकणं गुणांत कुठेच नव्हतं.

थंडीत पुन्हा त्यांच्याकडे गेलो. पिल्लांना गारठा लागू नये म्हणून शेडच्या चारही बाजूंना ताडपत्री बांधली होती. आत पाऊल टाकलं आणि मुताच्या अमोनियाने डोळे चुरचुरले. श्वासनलिकेच्या आतून केसांसारख्या तंतूंची एक झाडणी असते, ती घाण बाहेर लोटते. मायकोप्लाझ्मा नेमका तिलाच चिकटतो. अमोनियाही तिलाच मारतो. मी म्हटलं, “काका, वरची हातभर ताडपत्री तरी सोडा.” त्यांनी लगेच दोरी सोडली आणि विचारलं, “इतकी वर्षं माल पाठवतोय. आत काय निघालं ते कधी कुणी कळवलंच नाही. का हो?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्त्यावर डुकराचा नंबर होता, मालकाच्या फोन नंबरला जागाच नव्हती.

पुढच्या तक्त्यांवर मी पट्टीने तीन रकाने वाढवले : रक्त, व्रण, मालकाचा फोन. पहिल्या पहाटेच्या तक्त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं. ती बावीस फुप्फुसं पुन्हा तपासायला मिळणार नव्हती.